साथीच्या काळातील खुल्या शोधनिबंधांत सिद्धान्ताचा वापर कितपत खरा?

शोधवाट:
कोविडच्या साथीत खुल्या प्रवेशाच्या (कुणालाही मोफत वाचता येणाऱ्या) नियतकालिकांत आलेल्या, लोकांच्या आरोग्यविषयक वर्तनावरील निबंधांचा आढावा मी पीएच.डी.साठी घेत आहे. पुष्कळांच्या प्रस्तावनेत ‘हेल्थ बिलीफ मॉडेल’चे, म्हणजे आजाराविषयीच्या समजुतींवरून लोकांचे वर्तन समजावणाऱ्या सिद्धान्ताचे, नाव येते, पण पुढे विश्लेषणात त्याचा मागमूस नसतो. अशा निबंधांची नोंद ‘सिद्धान्ताधारित’ या रकान्यात करावी का?

जुनी प्रश्नावली:
माझ्या मते करू नये. हे मॉडेल १९५० च्या दशकात अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेतील मानसशास्त्रज्ञांनी मांडले, तेही एका साध्या कोड्यातून: क्षयरोगाची एक्स-रे तपासणी सहज उपलब्ध असताना लोक येत का नाहीत? म्हणूनच आजार आपल्याला होईल असे वाटणे, तो गंभीर वाटणे, उपायाचा लाभ आणि त्यातल्या अडचणी हे घटक त्यात वेगवेगळे मोजावे लागतात. ‘मला कोरोना होईल’ आणि ‘झालाच तर मी फार आजारी पडेन’ या दोन विधानांचे गुण एकत्र करून ‘भीती’ असा एकच आकडा काढला, की मॉडेलचे फक्त नाव उरते. निबंधाला प्रश्नावली जोडलेली असेल तर ती आधी उघडा.

आकडेमोड:
वर्तनापुरतेच पाहू नका. साथीचे आलेख मांडणाऱ्या असंख्य निबंधांच्या मुळाशी कर्मॅक आणि मॅकेन्ड्रिक यांचा, साथीचा प्रसार समीकरणांत मांडणारा, १९२७ चा निबंध आहे, आणि त्यांनी समीकरण जुळवून दाखवले ते मुंबई बेटावरील १९०५-०६ च्या प्लेगमधील मृत्यूंशी. माणसांतला प्लेग उंदरांतल्या प्लेगमागून येतो, त्यामुळे समीकरण तिथे काटेकोरपणे लागू पडत नाही, हे त्यांनी स्वतःच नोंदवले होते. (आपल्याच शहराचे आकडे, आणि आपल्यालाच हे ठाऊक नसते!) टाळेबंदीत माणसांचा परस्परसंपर्क आठवड्या-आठवड्याला बदलत असताना ज्यांनी संपर्काचा दर स्थिर धरला, त्यांनी त्याचे कारण दिले आहे का, एवढे तपासा.

वॉर्डातून:
थोडा मतभेद. सिद्धान्त नाही म्हणून निबंध टाकाऊ ठरत नाही. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे कोविडच्या गंभीर रुग्णांतील मृत्यू कमी होतात, हा ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या औषध-चाचणीचा निष्कर्ष जून २०२० मध्ये समीक्षेआधीच सर्वांसाठी खुला झाला. त्याला वर्तनाच्या कुठल्याही सिद्धान्ताची गरज नव्हती.

शोधवाट:
पटले. ‘उल्लेख’, ‘वापर’ आणि ‘गरज नाही’ असे तीन रकाने केले आहेत. पहिल्या पाच निबंधांपैकी तिघांनी प्रश्नावलीच जोडलेली नाही. त्यांना तूर्त ‘उल्लेख’मध्ये ठेवून लेखकांना ईमेल पाठवतो.