‘रन’ म्हणजे नुसतं धावणं नव्हे

प्रश्न : ‘शी रन्स अ शॉप’ म्हणजे ‘ती दुकान चालवते’. पण ‘रन’ म्हणजे तर धावणं! मग इथे ‘चालवणे’ कसं आलं? आणि या शब्दाला अर्थ तरी किती आहेत?

उत्तर : अर्थांची गणती थक्क करणारी आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाचा पहिला नंबर होता, अर्थ सुमारे ४३०. नंतरच्या सुधारणेत ‘रन’ पुढे गेलं. कोशकार पीटर गिलिव्हर यांनी या एका क्रियापदावर जवळपास नऊ महिने काम केलं आणि अर्थ भरले ६४५. यंत्रं आली, आगगाड्या आल्या, संगणक आले. प्रत्येकाच्या कामाला इंग्रजीने हेच क्रियापद लावलं.

मराठीने त्या जागी ‘चालणे’ घेतलं. घड्याळ चालतं, पंखा चालतो, गिरणी चालते, शाळा चालते, खटलासुद्धा चालतो. इंग्रज ज्याला पळवतो त्याला आपण चालवतो, आणि त्यात काही उणं नाही. म्हणून भाषांतर करताना ‘रन’चा अर्थ शोधू नका, आधी कर्ता बघा. नळ असेल तर वाहतो. नाकही वाहतं. कपड्याचा रंग मात्र जातो. साखर संपते, ताप अंगात असतो. एखादा आजार पिढ्यान्‌पिढ्या दिसत असेल तर तो घराण्यात आहे म्हणायचं, ‘कुटुंबात धावतो’ कदापि नाही.

निवडणुकीची गंमत वेगळी. अमेरिकेत उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये ‘स्टँड’. आपणही निवडणुकीला उभेच राहतो, किंवा ती लढवतो.

‘लोकल वीस मिनिटं उशिराने धावत आहेत’ हे वाक्य बातम्यांत रुळलंय, पण फलाटावरचा माणूस ‘गाडी वीस मिनिटं लेट आहे’ असंच म्हणतो. मला तेच जास्त मराठी वाटतं.

आणखी एक प्रश्न : क्रिकेट राहिलं की! तिथे ‘धाव’ अगदी चपखल बसली आहे. धावसंख्या, धावफलक आणि ‘रन आउट’साठी ‘धावबाद’. किती सुटसुटीत शब्द! पण बँकेवरच्या ‘रन’ला काय म्हणावं?

उत्तर : तिथे धाव नको. ‘पैसे काढायला ठेवीदारांची झुंबड उडाली’ असं लिहा, कुणालाही कळेल.