मदत हवी आहे: २०० मीटरवाल्या मुलाचा हॅमस्ट्रिंग (मांडीच्या मागचा स्नायू) दुखावला, निवड चाचणी चार आठवड्यांवर

मुलगा १६ वर्षांचा, सराव सणस मैदानावर. शनिवारी वळण सुटून सरळ पट्टीत येताना उजव्या मांडीच्या मागे कळ आली आणि तो जागीच थांबला. आज चौथा दिवस. चालताना त्रास नाही, जिना उतरताना ओढ बसते. काळंनिळं झालेलं नाही. उताणं झोपवून सरळ पाय उचलला की डावा ८० अंशांपर्यंत जातो, उजवा ६० लाच अडतो. इजा ग्रेड १ (सौम्य) की २ (मध्यम)? एमआरआय करावा का? घरी रोज तेल लावून चोळतात, ते चालेल?

फिजिओताई, कोथरूड:
चोळणं आजच बंद करा. ताज्या इजेवर रगडलं की आत पुन्हा रक्त उतरतं. गरम शेकही नको, ताणून बघणंही नको.

ग्रेडपेक्षा आधी दुखरी जागा शोधा. त्याला पालथं झोपवा आणि बैठकीच्या हाडापासून खाली बोटांनी दाबत या. थेट हाडावर दुखत असेल तर पहिला एक्स-रे. या वयात हाडाची वाढ पूर्ण झालेली नसते. स्नायू तुटण्याऐवजी हाडाचा तुकडाच निघून येतो आणि तो लचक म्हणून अंगावर काढला जातो. दुखरी जागा हाडाच्या जितकी जवळ, तितका वेळ जास्त.

धागाकर्ता:
ताई, तपासलं. हाडावर दुखत नाही. साधारण एक वीत खाली, बाहेरच्या बाजूला दुखतं.

फिजिओताई, कोथरूड:
म्हणजे बायसेप्स फिमोरिस, हॅमस्ट्रिंगमधला बाहेरच्या बाजूचा स्नायू, पळताना बहुधा हाच जातो. पाय पुढे फेकून पाऊल टेकण्याआधी तो पूर्ण ताणलेल्या स्थितीत ब्रेक लावत असतो. एवढ्या वर्णनावरून सौम्य ते मध्यम वाटतं, पण एकदा प्रत्यक्ष दाखवा. आठवड्याभरात फरक पडला नाही तर एमआरआय. स्नायूच्या आतला टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) फाटला असेल तर चार आठवडे विसरा.

व्यायाम: उताणं झोपून मांडी दोन्ही हातांनी उभी धरायची, गुडघा सावकाश सरळ करायचा, दुखण्याच्या अलीकडे थांबायचं. १२ चे ३ सेट, दिवसातून दोनदा. वेदना गेली की ब्रिज (उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं), मग एका पायाचा ब्रिज. नॉर्डिक (गुडघ्यांवर उभं राहून, घोटे धरून ठेवून, अंग सावकाश पुढे झुकवणं) त्यानंतर.

ट्रॅककोच:
पळण्याबद्दल सांगतो. वेगाने चालताना अजिबात दुखत नसेल तर जॉगिंग, एक दिवस आड. मग ६० मीटरचे तुकडे: २० मीटर वेग वाढवत, २० धरून, २० सोडत. अंदाजे ५० टक्क्यांपासून सुरुवात. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ वाटली तर एक पायरी मागे. ८० टक्क्यांपर्यंत सगळं सुरळीत होतं. पुन्हा फाटतं ते त्याच्या पुढे, म्हणून तिथे घाई नको. वळणावर पळणं आणि ब्लॉकमधून (शर्यतीच्या सुरुवातीला पाय टेकवायचे ठोकळे) सुटणं सगळ्यात शेवटी.

फिजिओताई, कोथरूड:
ब्लॉकआधी एक चाचणी: गुडघा वाकू न देणारा ब्रेस (आधारपट्टा) लावून उताणं झोपायचं आणि सरळ पाय झटक्यात वर मारायचा. दुखलं नाही, पण मुलगा कचरला, तरी अजून काही दिवस थांबा.