मदत हवी आहे: टाऊन हॉल ते ताराबाई पार्क, झाडं बघत चालायचा मार्ग

नमस्कार मंडळी. उन्हाळ्याच्या सुट्टीत भाचरं कोल्हापूरला येणार आहेत. टाऊन हॉलच्या बागेतून निघून नागाळा पार्कातून ताराबाई पार्कापर्यंत, ज्याला जेव्हा जमेल तेव्हा चालता येईल असा जुन्या झाडांचा नकाशा करतोय. वड, पिंपळ, चिंच ओळखता येतात. पर्जन्यवृक्षही कळतो, संध्याकाळी पानं मिटतो म्हणून. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, पण सावली अगदी आपल्या माणसासारखी देतो.

अडलंय ते पुढं. या पट्ट्यात गोरखचिंच (जाड बुंध्याचा बाओबाब) किंवा कैलासपती कुणी पाहिलाय का? कैलासपतीची फुलं थेट खोडावर येतात, पोरांना ते दाखवायचंच आहे. बहावा कुठल्या गल्लीत चांगला फुलतो?

दुसरं म्हणजे वय. वृक्षसंरक्षण कायद्याच्या २०२१च्या दुरुस्तीनुसार राज्याच्या शहरी भागात ५० वर्षांचं किंवा त्यापुढचं झाड वारसा वृक्ष ठरतं. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजून वयाचा अंदाज कसा बांधायचा? वडाचा घेर मोजताना पारंब्यांचं काय करायचं? खिळे ठोकून पाट्या लावायच्या नाहीत, हे पक्कं. इथल्या जुन्या माणसांनी आठवणीतली झाडं सांगितली तर फार उपकार होतील, तोडलेली असली तरी सांगा.