उतरवलेली प्रत म्हणजे बुडालेली विक्री? – आपले अनुभव सांगा

१९८१ मध्ये ब्रिटनच्या ध्वनिमुद्रण उद्योगाने कॅसेटला कवटीचे रूप देऊन ‘घरगुती ध्वनिमुद्रण संगीताचा जीव घेत आहे’ असा प्रचार केला. पुढे सीडी आली आणि नव्वदच्या दशकात त्याच उद्योगाने विक्रमी कमाई केली. फुकट प्रत काढणे योग्य की अयोग्य, हा वाद येथे नको. उतरवलेली प्रत्येक प्रत म्हणजे एक बुडालेली विक्री, हा कंपन्यांनी मांडलेला तोट्याचा हिशेब आपल्या अनुभवाशी जुळतो का, एवढेच लिहावे.

रीवाइंड
माझ्याकडे उतरवलेल्या कॅसेटचा एक खण भरलेला होता. पंचेचाळीस मिनिटांची बाजू संपली की शेवटचे गाणे अंतऱ्यातच तुटे, आणि त्या तुटलेल्या जागेपुढचे ऐकण्यासाठी मी काही अल्बम पैसे साठवून विकत घेतले. उरलेले मी कधीच घेतले नसते, कारण तेवढे पैसेच नव्हते. त्या प्रत्येक कॅसेटला बुडालेली विक्री म्हणणे मला तेव्हाही पटले नाही.

मध्यलय
२००५ च्या सुमारास विकत घेतलेल्या एका सीडीने माझ्या संगणकात न विचारता प्रती काढणे रोखणारी छुपी प्रणाली घातली. ज्याने पैसे मोजले त्याच्याच घरात पाळत, आणि फुकट उतरवणाऱ्याला काही नाही!

तारसप्तक
मी वादक आहे आणि पायरसीने माझे नुकसान झाले, हे आधी मान्य करतो. आमचा पहिला अल्बम निघाला त्याच आठवड्यात त्याच्या प्रती फुकट फिरू लागल्या आणि तो त्रास मी विसरलेलो नाही. पण ज्या कलाकारांच्या पोटाचा दाखला कंपन्या देत होत्या, ते पोट त्यांच्या हिशेबात कुठे होते? स्टुडिओचे भाडे आणि मिक्सिंगचा खर्च ही आम्हाला दिलेली उचल मानली जाई. ती आमच्या रॉयल्टीतून फिटेपर्यंत हाती काही येत नसे, आणि फिटली तरी मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडेच राहणार होती. सहामाही हिशेबाच्या कागदावर ‘फूटतूट’ नावाची वजावट असे. ही प्रथा लाखेच्या ठिसूळ तबकड्या वाहतुकीत फुटत असत त्या काळातली. आमचा अल्बम सीडीवर होता.

समेवर
२००९ मध्ये अमेरिकेतील एका ज्यूरीने २४ गाणी इंटरनेटवर फुकट वाटल्याबद्दल एका स्त्रीने कंपन्यांना द्यायची भरपाई १९,२०,००० डॉलर, म्हणजे गाण्यामागे ८०,००० डॉलर ठरवली (ती पुढे बरीच कमी झाली). तसे एक गाणे आयट्यून्स या ऑनलाइन दुकानात साधारण एका डॉलरला मिळत होते. मी स्वतः त्याच वर्षी गाणी विकत घेऊ लागलो, पण खटल्यांच्या धाकाने नव्हे. तेथील गाण्यांवरची डिजिटल कुलपे काढली गेली आणि घेतलेले गाणे माझ्या जुन्या प्लेअरवरही वाजू लागले, म्हणून.