बट्टा आणि टॉवेल
ड्रॅगन आणि बुटक्यांच्या काल्पनिक जगाची कथा लिहिताना तुम्ही ठरवलंत, सोन्याचं एक नाणं म्हणजे चांदीची शंभर, साऱ्या खंडात एकच भाव. हे गणित वाचायला सोपं आहे. पण मग तुमच्या कथेतला सराफ पोट कशावर भरणार? आपल्याकडे होन, रुपये, शिवराया अशी नाणी चालत. टाकसाळ परकी असली किंवा नाणं झिजलेलं असलं की सराफ बट्टा, म्हणजे किमतीतली घट, कापून घ्यायचा. दूरदेशीचं नाणं घेऊन आमच्या गुजरीसारख्या सराफ पेठेत शिरलेला नायक पूर्ण किंमत घेऊन बाहेर पडला, तर मला ती ड्रॅगनपेक्षा मोठी जादू वाटेल.

आणि सौदा दरवेळी ओरडूनच कशाला? लहानपणी आजोबांबरोबर वडगावच्या जनावरांच्या बाजारात गेलो होतो. हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, आणि आजोबा टॉवेलाखाली एकमेकांची बोटं दाबत होते, तोंडानं मात्र पावसापाण्याच्या गप्पा! एक बोट म्हणजे शंभर की हजार, हे जनावर बघूनच दोघांना ठाऊक. शेजारी उभ्या गिऱ्हाइकाला भाव कळत नाही, त्यामुळे पुढच्याशी नवा भाव बोलायला हेडी मोकळा. तुमच्या बुटक्यांच्या बाजारात हे फिट्ट बसेल, फक्त त्यांना बोटं किती ते आधी ठरवा.