तीन बोटं, दोन लाख आणि पाचशेचा बाँड: सही करावी का?

पैठणचा मामा
माझा भाचा वाळूजला एका वेंडरकडं (मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणारा छोटा कारखानदार) ठेकेदारामार्फत पावर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून भाग काढायच्या यंत्रावर, होता. गेल्या वर्षी, 2025 च्या मे महिन्यात, उजव्या हाताची तीन बोटं प्रेसखाली गेली. वय 30, पगार 15,000. दवाखान्याचा खर्च ठेकेदारानं केला, ते नाकारत नाही. आता तो दोन लाख द्यायला तयार आहे, पण पाचशेच्या बाँडवर लिहून मागायलाय की पुढं कसलीही मागणी करणार नाही. वरून हलकं काम देतो म्हणतो. दिव्यांग प्रमाणपत्राचे टक्के 40 च्या आत भरले, म्हणजे निराधारच्या पगाराचाही रस्ता बंद. बहीण म्हणते घेऊन टाका, पोरीचं लग्न तोंडावर आलंय. माझं मत, सही करू नये. तुमचं काय?

वेंडर वाळूज
मामा, राग मानू नका, माझ्याकडंही दोन प्रेस आहेत. दोन लाख कमी नाहीत. कोर्टात तारखा मोजत बसाल. आणि एक विचारतो, दोन हातांची बटणं होती ना, दोन्ही दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही ती? पोरं एका बटणात पाचर मारून ठेवतात, नग जास्त निघावेत म्हणून. मग बोट गेलं की मालक गुन्हेगार! गार्ड, म्हणजे सुरक्षेची सोय, मुद्दाम काढला तर मालक जबाबदार नाही, हे कायद्यातच आहे.

काळा कोट
कायदा अर्धाच सांगितलात. 1923 च्या भरपाई कायद्यात तो बचाव आहे, पण 'मुद्दाम काढला' हे मालकानं सिद्ध करायचं. मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर तो बचाव चालतच नाही. हा कायदा 21 नोव्हेंबर 2025 पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण अपघात त्याआधीचा, म्हणून जुनाच हिशोब. एका हाताची तीन बोटं म्हणजे परिशिष्टानुसार 30 टक्के. पगाराचे 60 टक्के 9,000, गुणिले कायद्यातल्या तक्त्यातला तिशीच्या वयाचा गुणक 207.98, त्याचे 30 टक्के: 5,61,546 रुपये. महिन्याच्या आत दिले नाहीत तर 12 टक्के व्याज वेगळं. दोन लाख कुठं आणि हे कुठं!

जुना युनियनवाला
वकीलसाहेब, 30 वरच काहून थांबता? प्रताप नारायण सिंह देव विरुद्ध श्रीनिवास सबाता, सर्वोच्च न्यायालय, डिसेंबर 1975. सुताराचा डावा हात गेला होता, तरी कमाईची क्षमता शंभर टक्के गेली असंच धरलं. डॉक्टर शरीराचे टक्के मोजतो. प्रेस ऑपरेटरचा उजवा हात म्हणजे त्याचं अख्खं काम.

काळा कोट
निकाल माहीत आहे. तिथं हात कोपराच्या वरून गेला होता, एका हातानं सुतारकाम होत नाही. इथं ठेकेदार हलकं काम देतो म्हणायलाय, आणि समोरचा वकील नेमकं तेच पुढं करील. शंभर मागा जरूर, पण घरच्यांना शंभराचा शब्द देऊ नका.

जुना युनियनवाला
मामा, एक बघा. सॅलरी स्लिपवर ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता, कापलाय का?

पैठणचा मामा
आहे. दरमहा 113 रुपये.

जुना युनियनवाला
मग सगळी गोष्टच फिरली. तो ईएसआयचा विमाधारक आहे, त्याला मालकावर 1923 च्या कायद्याखाली दावाच करता येत नाही. ते साडेपाच लाख विसरा. पण ईएसआयकडून कायमच्या अपंगत्वाचं पेन्शन आहे, जन्मभर. पगाराच्या 90 टक्क्यांवर 30 टक्के धरले तरी महिना साधारण चार हजार. चार वर्षांत दोन लाखांच्या जवळ जातं, पोरगा तर तिशीतच आहे. दुसरीकडं कामाला लागला तरी बंद होत नाही. शिवाय घरी बसला तेवढ्या दिवसांचा तात्पुरत्या अपंगत्वाचा पैसा वेगळा. टक्के त्यांचं वैद्यकीय मंडळ ठरवतं, पटलं नाही तर वर अपील आहे.

वेंडर वाळूज
कागदावर झकास. सोमवारी गेटवर कोण घेणार त्याला? नोकरीत अपंगत्व आलं तर काढता येत नाही, हे 2016 च्या दिव्यांग कायद्याचं कलम 20 सरकारी आस्थापनेपुरतं आहे. एसटीच्या ड्रायव्हरला दुसरी जागा मिळते, ठेकेदाराच्या पोराला नाही. चार हजारांत संभाजीनगरात खोलीचं भाडं तरी निघतं का?

*(यावर उत्तर सुचलं तर सांगा. मला तरी यात त्यांचं खरं वाटतं. – काळा कोट)*

गेवराईकर
तुमच्याकडं निदान स्लिप तरी आहे. आमच्याकडं ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, नाव मुकादमाच्या वहीत. फडात पाय तुटला तर कारखाना म्हणतो मुकादमाचा माणूस, मुकादम म्हणतो उचल फेड. ठेकेदाराच्या माणसालाही मूळ मालक जबाबदार असं 1923 च्या कायद्यात कलम 12 होतं, पण अपघात त्याच्या ताब्यातल्या जागेत झाला पाहिजे ही अट. फड शेतकऱ्याचा! झालं, सुटला कारखाना. तेव्हा 113 रुपये कापले म्हणून कुरकुर करणाऱ्यांनो, जपून ठेवा त्या स्लिपा.

जुना युनियनवाला
वेंडरभाऊ, आता तुम्हीच सांगा. ईएसआयचं पेन्शन ठेकेदाराच्या खिशातून जात नाही. मग तो दोन लाख कशाचे द्यायलाय?

वेंडर वाळूज
सरळ विचारलंत तर सरळ सांगतो. अपघाताचा रिपोर्ट गेला की कारखाना निरीक्षक येतो, प्रेसचे सेन्सर बघतो, वेंडरवर केस होते. मोठी कंपनी ऑर्डर थांबवते, आणि मग बाकीच्या पोरांनीही घरी बसायचं. हा हिशोब कुणी धरत नाही. पण बाँडवर सही केली तरी ईएसआयचा हक्क जात नसेल, तर पोरानं दोन लाखही घ्यावेत आणि पेन्शनही. त्यात कुणाचं काय बिघडलं?

काळा कोट
हक्क जात नाही हे खरं. तो दुसऱ्याला लिहून देता येत नाही, आणि ठेकेदाराबरोबरच्या कागदानं ईएसआय महामंडळ बांधलं जात नाही. पण बाँडमध्ये आणखी काय लिहिलंय? मामा, अक्षर न अक्षर वाचा.

पैठणचा मामा
आत्ता भाच्याकडून फोटो मागवला. तिसऱ्या ओळीत आहे: 'सदर दुखापत मला माझ्या गावी शेतात कडबाकुट्टी यंत्रावर काम करताना झाली.' आमच्याकडं कडबाकुट्टी नाही. जनावरंसुद्धा नाहीत.

काळा कोट
हाच कागद उद्या ईएसआयसमोर ठेवतील. कामावरची दुखापत नाही म्हटल्यावर पेन्शन कशाचं? दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड काढा, त्यावर अपघाताचं कारण काय लिहिलंय ते बघा. त्या दिवशीची हजेरी, बरोबरच्या पोरांची नावं, सगळं आधी गोळा करा. ठेकेदारानं रिपोर्ट दिला नसेल तर भाच्यानं स्वतः ईएसआयच्या शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

वेंडर वाळूज
कडबाकुट्टी लिहिली असेल तर सही नको. ती ओळ काढून दोन लाख देत असतील तर घ्यावेत, माझं मत अजून तेच.

पैठणचा मामा
ती ओळ काढायला तो तयार होईल का, तेच विचारायला उद्या जायलोय. बहीणही येते म्हणाली.