रेडिएशन ठरलेलं असताना त्याच ऑपरेशनमध्ये सिलिकॉन बसवावं का?

रानजाई
धाकट्या जावेचा डावा स्तन काढायचा आहे. काखेतल्या गाठींपर्यंत आजार पोचलाय, त्यामुळे नंतर रेडिएशन होणार हे आत्ताच नक्की आहे. तरी डॉक्टरांनी पहिला पर्याय ठेवला तो 'एकाच भुलीत सिलिकॉन बसवून टाकू' हा. मला हे पटत नाही. रेडिएशन ठरलेलं असेल तर थांबावं.

कारण असं की इम्प्लांटभोवती, म्हणजे आत बसवलेल्या सिलिकॉनभोवती, शरीर स्वतःचं एक पातळ आवरण तयार करतंच. शेक, म्हणजे रेडिएशन, बसला की ते जाड होतं, आकसतं. मग स्तन कडक होतो, वर ओढला जातो, दुखतो. अमेरिका-कॅनडातल्या ११ केंद्रांचा एक अभ्यास २०१८ साली आला. त्यात रेडिएशन झालेल्या बायकांपैकी इम्प्लांटवाल्या ३८.९ टक्के जणींना दोन वर्षांत काही ना काही गुंतागुंत झाली, स्वतःच्या शरीरातली कातडी-चरबी वापरलेल्यांत २५.६ टक्के. पुनर्रचना, म्हणजे नव्याने घडवलेला स्तन, पार फसली, असं इम्प्लांटवाल्यांत १८.७ टक्के आणि दुसऱ्या गटात १ टक्का. एवढा फरक असताना घाई कशाला?

पैलतीर
असहमत. 'थांबावं' हा शब्द लिहायला सोपा आहे. मी थांबले. शेक संपल्यावर कातडी निवायला सहा महिने ते वर्षभर जातं. मग पुन्हा मोठं ऑपरेशन, पुन्हा रजा, पुन्हा पैसे, पुन्हा घरात कोण बघणार हा प्रश्न. आमच्याकडे मुलाची दहावी आली, मग सासऱ्यांचं आजारपण, आणि माझी पुनर्रचना राहून गेली ती गेलीच. आजही ब्लाउजच्या एका कटोरीत रुमाल दुमडून घालते आणि गर्दीच्या बसमध्ये पदर धरून उभी राहते. तुमच्या आकड्यांत या बाया कुठे मोजल्यात? शिवाय १८.७ टक्के जणींचं फसलं म्हणजे ८१ टक्क्यांहून जास्त जणींचं टिकलं. ते का लिहिलं नाहीत?

निळीशाई
मी रेडिएशन विभागात काम करते. तुम्ही दोघी दोन टोकं धरून बसलात. मधला रस्ता आहे: त्या ऑपरेशनमध्ये फक्त एक्स्पान्डर, म्हणजे सलाइनने हळूहळू भरायची पिशवी ठेवायची. कातडी वाचते, आणि पक्का निर्णय शेक संपल्यावर घेता येतो. पण तोही फुकटचा नाही. त्याच्या झडपेत धातू असतो, तो शेकाच्या नियोजनात धरावा लागतो. पिशवी जास्त भरली असेल तर किरणांचा कोन साधत नाही, कधी थोडं पाणी काढावं लागतं. डाव्या बाजूला खाली हृदय आहे, तिथे तर जास्तच जपतो आम्ही.
आणि पैलतीरताई, 'राहून गेली ती गेलीच' असं नका धरू. उशिराही करता येतं, पोटाची कातडी-चरबी घेऊन. पोटावर चरबी नसेल तर पाठीचा स्नायू वापरतात.

मोकळा_श्वास
तिसरी बाजू कुणीच मांडली नाही म्हणून लिहिते. मला काहीच बसवायचं नव्हतं. दोन्ही वेळा सल्लामसलतीत हा पर्याय मीच काढला. सपाट ठेवायचं असेल तर 'नीट सपाट शिवून द्या' हे आधी स्पष्ट सांगावं लागतं, नाहीतर काखेखाली कातडीची घडी उरते आणि ब्राचा पट्टा नेमका तिथेच घासतो. बाहेरून लावायचा सिलिकॉनचा स्तन मिळतो, खिसा शिवलेल्या ब्रामध्ये बसतो. लग्नकार्याला मी तो घालते, घरी नाही. बाई अर्धी राहते वगैरे बोलणाऱ्यांना मी आता उत्तरही देत नाही.

रानजाई
पैलतीर, ८१ टक्के जणींचं टिकलं हे मान्य. पण टिकलेलं सगळं न दुखणारं असतं असं नाही. आणि माझी खरी भीती वेगळी आहे. जखम उसवली किंवा पू झाला तर रेडिएशनची तारीख पुढे जाते. आजार परत येऊ नये म्हणून तर शेक आहे! स्तनाच्या आकारासाठी तो लांबवायला माझं मन तयार नाही.

पैलतीर
तारीख लांबू नये, यात वाद नाही. पण मन तुमचं की जावेचं? तिला काय हवंय ते या धाग्यात अजून एकदाही आलेलं नाही.

रानजाई
तिला आरशात लगेच काहीतरी दिसायला हवंय. खरं आहे, ते मी लिहायला हवं होतं. पण तिला साखर आहे, म्हणून मी अडून बसले आहे.

निळीशाई
मग ते महत्त्वाचं. साखर आटोक्यात नसेल तर जखमेचा धोका वाढतो, तीन महिन्यांची सरासरी आधी बघून घ्या. मिश्री किंवा तंबाखू आहे का? असेल तर ती बंद करायलाच हवी, निकोटीनने कातडीचा रक्तपुरवठा कमी होतो.

रानजाई
मिश्री नाही. सिझेरियन दोनदा झालंय. मग पोटाची कातडी-चरबी घेता येईल का?

निळीशाई
सहसा येते, सिझेरियनचा आडवा छेद आड येत नाही. प्लास्टिक सर्जन आधी सीटी अँजिओ करून पोटातल्या रक्तवाहिन्या बघतील. ऑपरेशनच्या आधीच कॅन्सर सर्जन, प्लास्टिक सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर तिघांनाही भेटा, आणि जावेला सोबत नाही, पुढे बसवा.